बानाबाईंच्या समुद्रातला लांडग्याचा वाटा

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब ठेवले. आधी फुलंब्रीच्या एका कापसाच्या जिनिंगात, मग शहरात जालना रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. स्वभाव तिरसट, अक्षर सुरेख आणि बेरीज तोंडपाठ. माझ्या बेरजेवर बोट ठेवणारा माणूस माझ्या टेबलापाशी फार वेळ टिकत नसे. आमचे मोठे डॉक्टरसुद्धा पगारपत्रकावर न वाचता सही ठोकायचे. अशा मला अंदाजपत्रक म्हणजे काय ते दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या एका बाईनं शिकवलं, आणि तेही मासे पाळण्याच्या हिशेबात. नोकरीत असताना मी हे कुणाला कळू दिलं नसतं. आता रिटायर झालोय, आता अब्रूचं ओझं तेवढं राहिलेलं नाही.

बाईंचं नाव बानाबाई. धनगराच्या घरच्या. लहानपण फुलंब्रीच्या वरच्या माळावर बापाच्या मेंढरांमागं चालण्यात गेलं. आज या शेतात मुक्काम, उद्या त्या शेतात. शाळेचं तोंड पाहिलं नाही. लग्न झालं सोनाजीशी, तो चिकलठाण्याच्या कारखान्यांत हमाली करायचा. मुलगा सांडू सात वर्षांचा असताना सोनाजी तापानं गेला आणि बानाबाई दवाखान्यात सफाईला लागल्या. मुकुंदवाडीत पत्र्याची एक खोली, पाठीमागं रेल्वेचा रूळ. बावीस वर्षांत त्यांनी एकही दिवस उशीर केला नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण हजेरीबुक माझ्याकडं होतं आणि उशिराचे पैसे कापायला मला मनापासून आवडायचं.

आमच्या दवाखान्यात, पेशंट बसायचे त्या हॉलच्या भिंतीत काचेची सहा फुटी टाकी चिणलेली होती. साधी नव्हे, खाऱ्या पाण्याची. मुंबईहून मागवलेले समुद्रातले दगड, त्यांच्यामध्ये नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी, आणि एक झिंगा. लाल पाठीवर पांढरी रेघ आणि बोटभर लांब पांढऱ्या मिशा. हा झिंगा माशांच्या अंगावरची घाण टोकरून खायचा. मासेही त्याच्यापुढं येऊन, कल्ले उघडून, न्हाव्यापुढं बसल्यासारखे गप्प उभे राहायचे. टाकीची देखभाल करायला औरंगपुऱ्याजवळचा माशांचा दुकानदार रामकिसन दर पंधरवड्याला यायचा. बादल्या उचलायला, काच पुसायला त्याच्या हाताखाली बानाबाई असायच्या.

त्या झिंग्याला बानाबाईंनी नाव ठेवलं होतं झाडूवाला. "ह्यो मपल्या खात्यातला," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. रामकिसननं त्यांना एकदा साबण न लावता हात धुऊन टाकीत घालायला सांगितलं. झाडूवाला तुरुतुरु येऊन हातावर चढला आणि त्यांच्या नखांच्या कडा साफ करू लागला. बानाबाई अर्धा तास तशाच वाकून उभ्या. मी ओरडलो, "अगं बानाबाई, जिना कोण पुसणार?" तर मान न वळवता म्हणाल्या, "पुसते तात्यासायब. बावीस वर्सं लोकांची घाण काढली, मपली घाण काढणारा ह्योच एक भेटला. त्याला घटकाभर काम करू द्या." मला तेव्हा हसू आलं होतं.

दोन हजार बाराच्या दिवाळीत मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हॉल नव्यानं बांधायचा, चष्म्याचं दुकान घालायचं. संक्रांतीनंतर भिंत फुटणार, म्हणजे टाकीही जाणार. मासे कुणाला हवे असतील तर द्या, दगडही द्या, म्हणाले. रामकिसननं मान हलवली. त्याच्या दुकानात सगळ्या गोड्या पाण्याच्या टाक्या. "तात्या, ये जोडी नऊ सालकी है. म्हातारे मासे कोण घेणार? शहरात खाऱ्या पाण्याच्या टाक्या दोन-चार, त्यांना नवं पाहिजे. भिंत तुटली की चार दिवस बादलीत ठेवीन, पुढं अल्ला मालिक."

"मी नेते," बानाबाई म्हणाल्या.

आम्ही दोघंही हसलो. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापुढं येऊन उभ्या राहिल्या. सफाईच्या बायकांच्या भिशीचे वीस हजार त्यांच्या नावावर लागले होते. "मला हिशेब मांडून द्या," म्हणाल्या. "खाऱ्या पाण्याचं घर करायचंय. रामकिसनभाऊला भाव इचारून आलीय."

मी कागद ओढला आणि एका दमात मांडला. टाकी साडेचार हजार, लोखंडी स्टँड अडीच, दिवा तीन, पंप अठराशे, थंडीसाठी हीटर सहाशे, खारटपणा मोजायचं यंत्र सोळाशे, समुद्री मिठाचं वीस किलोचं पोतं छत्तीसशे. आणि सगळ्यांत मोठी बाब, पाणी थंड ठेवायचं यंत्र, सव्वीस हजार. कारण हे मासे ऊन पाण्यात जगत नाहीत आणि मुकुंदवाडीच्या पत्र्याखाली वैशाखात माणूसच जगत नाही. एकूण त्रेचाळीस हजार सहाशे. मी खाली दोन रेघा मारल्या आणि कागद त्यांच्याकडं फिरवला. "तेवीस हजार सहाशे कमी. झालं समाधान? जा, जिना पूस."

बानाबाईंना वाचता येत नव्हतं, पण कागदाकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तात्यासायब, तुमी उलटं धरलंय."

मी चष्मा काढला. माझा हिशेब उलटा धरलाय असं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

"तुमी टाकीपासून धरलं," त्या म्हणाल्या. "जित्राब घ्यायला पैका लागत नाय, सांभाळायला लागतो. मपला बाप मेंढरं घ्यायच्या आधी वैशाख मोजायचा. वैशाखात पानी कुठं, चारा कुठं, सावली कुठं. वैशाख निभला तर वरीस निभलं. ज्याचा वैशाख भागत नाय त्यानं मेंढरू घ्यावं नाय. तुमी वैशाखापासून लिव्हा."

का कोण जाणे, मी नवा कागद घेतला. कदाचित त्यांना हरवायचं म्हणून घेतला असेल. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. टाकी अडीच फुटांची, मोठी नको. पत्र्यावर कडबा अंथरायचा, तो सांडू फुलंब्रीहून आणेल. टाकीवर छोटा पंखा लावायचा; वारा लागला की पाणी उडतं आणि उडता उडता थंड होतं, हे त्यांनी रामकिसनकडून नीट विचारून घेतलं होतं. उडालेलं पाणी रोज भरायचं, दोन-तीन लिटर. पण ते गोडंच भरायचं, कारण पाणी उडतं, मीठ मागं राहतं. नळ चौथ्या दिवशी येतो आणि नळाचं पाणी माशांना चालत नाही, म्हणून जारचं शुद्ध पाणी. महिन्याचे सात जार, पंख्याची आणि पंपाची वीज, खाणं, मिठाचा हप्ता, सगळं मिळून वैशाखाचे साडेआठशे. "आता बाराही म्हयने वैशाखच हाय असं धरा." बारा साडेआठशे, दहा हजार दोनशे. "हे आधी बाजूला काढा. ह्याला हात लावायचा नाय. आता राहिलं किती?"

"नऊ हजार आठशे."

"त्यातले अडीच हजार लांडग्याचे."

मी पेन थांबवलं. "कुणाचे?"

"लांडग्याचे. बाप शंभर मेंढरं हाकायचा, पर हिशेब अठ्ठ्याण्णवांचाच करायचा. दोन लांडग्याची. कधी येईल, कोनच्या अंगानं येईल, ठाव नसतं. पर येतो. त्याचा वाटा आधी काढून ठिवायचा."

आता मात्र मला राहवलं नाही. मी ती ओळ लाल शाईनं खोडली. "बानाबाई, अंदाजपत्रकात लांडगा बसत नाही. प्रत्येक पैशाला कारण लागतं. अडीच हजारात तुला भारी दिवा येईल."

"तुमी खोडला म्हणून त्यो याचा राहनार हाय व्हय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "परत लिव्हा." मी चिडून परत लिहिलं, मुद्दाम खराब अक्षरात.

उरले सात हजार तीनशे. त्यात त्यांनी टाकी बसवली. फर्निचरच्या दुकानातल्या मोडक्या शोकेसची जाड काच, एका काचवाल्याकडून कापून जोडून अठराशेला. स्टँडऐवजी विटा आणि वर कडप्प्याची फरशी, चारशे. दिवा आणि पंप दवाखान्याच्या अडगळीतला जुना, फुकट. हीटर सहाशे, पंखा नऊशे, वीज गेली तर हवा सोडायला सेलवरचा पंप सातशे. खारटपणा मोजायच्या यंत्रापाशी मी त्यांना पकडलं. कारण रामकिसननं मला सांगितलं होतं की बानाबाई पाणी जिभेला लावून मीठ जास्त का कमी ते बरोबर ओळखतात. मेंढरांना मीठ चारायची सवय. मी म्हटलं, "हे सोळाशे वाचव की. तुझी जीभ आहे."

"आन् जिभेला ताप आला तर?" त्या म्हणाल्या. "यंत्र घ्यायचं."

बेरीज सहा हजार. तेराशे शिल्लक. मी तीन वेळा करून पाहिली, चूक सापडली नाही. त्या कागदाखाली रेघ मारताना माझा हात जरा हळू चालला, हे मी कबूल करतो.

घरी सांडूनं आकाशपाताळ एक केलं. तो रिक्षा चालवायचा आणि भिशीच्या पैशांतून रिक्षा रंगवायची, नवी गादी घालायची असं त्यानं मनात धरलं होतं. "लोक पोटाला मासे आणतात, मपली माय डोळ्याला आणतीय," असं तो स्टँडवर सांगत सुटला. बानाबाई एवढंच म्हणाल्या, "पोटाला म्या आनलंच की रं इतकी वर्सं. एकदा डोळ्याला आनते." सांडू चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी कडबा आणायला गेला.

डिसेंबरात टाकी उभी राहिली. पाणी भरलं, मीठ विरघळवलं, पंप सुरू झाला, रामकिसननं दवाखान्यातले दोन दगड आधी नेऊन ठेवले. मासे नाहीत. तीन आठवडे नुसतं पाणी फिरत होतं. मुकुंदवाडीतल्या बाया दारात उभ्या राहून विचारायच्या, "बानाबाई, पानी पाळलंय का गं?" त्या म्हणायच्या, "व्हय, आधी पानीच पाळावं लागतं." दगडांत बारीक जीव असतात, ते पाण्यात रुळले की पाणी माशांच्या लायक होतं. हे रामकिसनला माहीत होतं, पण त्याची गिऱ्हाईकं दुसऱ्याच दिवशी मासे टाकून मोकळी व्हायची. वाट बघणारं गिऱ्हाईक त्याला हे एकच भेटलं होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सांडू स्वतःहून रिक्षा घेऊन दवाखान्याच्या दारात आला. ओल्या पोत्यांत गुंडाळलेले दगड मागं, बानाबाईंच्या मांडीवर पाण्याच्या फुगलेल्या तीन पिशव्या. एकेका पिशवीत एकेक मासा आणि तिसरीत झाडूवाला. जालना रोडवरून सांडूनं ती रिक्षा वरातीच्या चालीनं नेली आणि हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या सात पिढ्या उद्धारल्या. मी दारात उभा राहून बघत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीमुळं आलं असं मी रिसेप्शनवरच्या पोरीला सांगितलं.

तेव्हापासून दर रविवारी मी मुकुंदवाडीला जाऊ लागलो. हिशेब तपासायला जातो, असं घरी सांगायचो. पत्र्याच्या खोलीत, विटांवर, तो निळसर उजेड. बानाबाई खाली बसून भाकरी थापायच्या आणि मासे काचेपाशी येऊन त्यांच्याकडं बघत राहायचे. शेजारच्या बायांनीही हसणं सोडलं होतं. दुपारी भांडी झाली की दोघी-तिघी टाकीपुढं येऊन बसायच्या. मी त्या रविवारांना फार जपत होतो.

मग चैत्र आला. ते साल पाण्याचं वाईट होतं, जायकवाडीत गाळ दिसत होता. खोलीत कडब्याखालीसुद्धा अंगाची लाही व्हायची. पंखा पाणी उडवायचा, टाकीचं पाणी थंड राहायचं, पण रोज तीन लिटर गोडं पाणी भरावं लागायचं. जारचं पाणी बानाबाई प्लास्टिकच्या बादलीत ओतून ठेवायच्या आणि ते उन्हानं कोमट व्हायचं. ते बघून माझं मन भरून आलं. मी त्यांच्या बेताला हसलो होतो, लाल शाई चालवली होती. आपणही काही करावं असं वाटलं.

आमच्या घरी माझ्या आईच्या लग्नातला तांब्याचा हंडा होता. माझी आई पाहुण्यांना त्याच हंड्यातलं पाणी द्यायची. मी तो बायकोकडून चिंच लावून लखलखीत घासून घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून बानाबाईंकडं नेला. "यात ठेव माशांचं पाणी," मी ऐटीत सांगितलं. "तांब्यात पाणी गार राहतं. आणि शुद्ध राहतं. तांब्यात जंतू जगत नाहीत."

बानाबाई हंड्याकडं बघत राहिल्या. "तुमच्या आईचा?" त्यांनी विचारलं. मग हात धुतले, हंड्याला हळदीकुंकू लावलं आणि टाकीच्या उजव्या अंगाला, सावलीत ठेवला. त्या दिवसापासून रात्रभर हंड्यात मुरलेलं पाणी सकाळी टाकीत जाऊ लागलं. मी दर रविवारी जाऊन हंड्याला हात लावून बघायचो. गार असायचा. इतकं समाधान मला आयुष्यात कुठल्या बेरजेनं दिलं नव्हतं.

वैशाखाच्या मध्यावर बानाबाई सलग दोन दिवस कामावर आल्या नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदा. निरोप सांडूनं आणला, घरी काम आहे म्हणून. आधी अर्ज दिलेला नव्हता, नियम म्हणजे नियम. मी दोन दिवसांचा पगार कापला.

त्या रविवारी गेलो तर टाकीत झाडूवाला नव्हता. जोडी होती, पण एक मासा कोपऱ्यात जरा मलूल उभा होता. मी विचारलं. बानाबाई चहा गाळत होत्या. "वय झालं व्हतं त्याचं, तात्यासायब," म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. मला वाईट वाटलं, पण झिंग्याला म्हातारपण आलं, त्याला कोण काय करणार?

हंडा जागेवरून हलला होता. आता तो दाराशी तिवईवर होता, वर पेला उपडा घातलेला. "हा इथं कसा?"

"तुमच्या आईच्या हंड्यातलं पानी मानसानं प्यावं," त्या म्हणाल्या. "माशानं कशाला? आल्यागेल्याला देते." मला ते इतकं आवडलं की मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

पावसाळा गेला. जोडी सावरली, पुन्हा काचेपाशी येऊ लागली. झाडूवाल्याची जागा मात्र रिकामी होती आणि बानाबाई कधी कधी हात टाकीजवळ नेऊन परत घ्यायच्या, हे मी बघत होतो. दिवाळीला मी ठरवलं, आपण त्यांना नवा झिंगा घेऊन द्यायचा. रामकिसनच्या दुकानात गेलो. "मुंबईहून एक झाडूवाला मागव," म्हटलं. "बानाबाईंसाठी. काय असतील ते पैसे देतो."

रामकिसन हसला. "तात्या, लेट हो गये. तिनं परवाच नेला. पाच म्हयने थांबवलं होतं मी तिला."

"पाच महिने कशाला?"

"तांबं," तो म्हणाला. "दगडांत शिरलं की लवकर निघत नाय. पाणी बदल, कोळशाची पुडी टाक, पुन्हा बदल. त्या दोन दिवसांत तिनं झोप नाय घेतली. मासे बादलीत, ती बादलीपाशी. दोन मासे वाचले तेच नशीब. किसीने तांबे का हंडा दे दिया था उसको. जारचं पाणी रातभर तांब्यात, वर चिंचेनं घासलेला. झिंग्याला तांबं म्हणजे जहर."

"पण तांब्यात जंतू मरतात," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"जंतू मरतात म्हणूनच तो बी मेला ना, तात्या," रामकिसन म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला. हंडा कुणाचा, हे त्याला माहीत नव्हतं. बानाबाईंनी त्यालाही सांगितलं नव्हतं.

मी दुकानाबाहेर येऊन एका ओट्यावर बसलो. माझ्या आईचा हंडा, माझी ऐट, आणि त्यानंच झाडूवाल्याचा घास घेतला. आणि ज्या दोन दिवसांत ही बाई माझी चूक निस्तरत बादलीपाशी बसली होती, त्या दोन दिवसांचा पगार मी कापला होता. स्वच्छ अक्षरात. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती आणि मी तिथून सरळ मुकुंदवाडीला गेलो.

बानाबाई एकट्याच होत्या. मी दारातच बोललो. "बानाबाई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

आजवर मी त्यांना अगं-तुगं करत आलो होतो. त्यांनी तेवढ्यात हेरलं आणि पदर सावरला. "काय सांगायचं व्हतं?"

"हंडा. मी दिलेला."

"बसा आधी." त्यांनी तिवईवरचा पेला उचलला, हंड्यातलं पाणी भरलं आणि माझ्या हातात दिलं. "रामकिसनभाऊ बोलला वाटतं. मला बी ठाव नव्हतं, तुमाला बी नव्हतं. आईची वस्तू कुनी वैऱ्याला देत नसतं."

मी खिशातून पैसे काढले. दोन दिवसांचा पगार आणि वर अडीच हजार. त्यांनी पगार तेवढा मोजून घेतला. "ह्यो मपला हाय," म्हणाल्या. अडीच हजार मागं सारले. "ह्ये नाय. ह्ये आधीच काढून ठिवलं व्हतं. तुमीच लिव्हलं की."

"मी खोडलं होतं."

"खोडलं, मंग परत लिव्हलं." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एकदा माळावर आमची गाभण मेंढी गेली. म्या लई रडले, दगडं घेऊन लांडग्यामागं पळाले. बाप म्हनला, पोरी, वाटा कशापायी काढून ठिवतो आपन? मेंढरू भरून यावं म्हनून नाय. आपल्याला कुनावर राग धरायला लागू नये म्हनून."

 मी पाणी प्यायलो, पेला उपडा घातला. माझ्या चाळीस वर्षांच्या एकाही अंदाजपत्रकात असं कलम नव्हतं. कुणाचं काही चुकलं की मी आधी माणूस शोधायचो आणि मग त्याचे पैसे कापायचो.

"हात धुवा," बानाबाई म्हणाल्या. "साबन नका लावू."

मी धुतला. त्यांनी माझी बाही कोपरापर्यंत दुमडली, टाकीवरचं झाकण सरकवलं. मी कचरलो. त्याच हातानं मी हंडा आणला होता. "घाला हो," त्या म्हणाल्या. मी हात पाण्यात घातला. जोडी लांबून बघत राहिली. दगडाच्या फटीतून आधी पांढऱ्या मिशा आल्या, मग लाल पाठ. नवा झाडूवाला थबकत थबकत आला, माझ्या बोटावर चढला आणि नखाच्या कडेला बसलेली शाई टोकरू लागला. इतका हलका की काही लागतही नव्हतं. मी नकळत हात जरा मागं घेऊ लागलो.

"हलू नका, तात्यासायब," बानाबाई म्हणाल्या. "त्याला त्याचं काम करू द्या."